मागच्या सीटवरचा तिसरा माणूस

गाडी पाहायची म्हटलं की आपण ती पुढून पाहतो. दिवे, जाळी, बॉनेटचा उतार. आज उलट करू या. मागचं दार उघडू या, आत न बसता नुसतं सीटकडे पाहू या. घाई नाही.

या सीटवर दोघं ऐसपैस बसतात. प्रश्न येतो तो तिसऱ्याचा. त्याचे खांदे कुठे मावतात? इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, अशी रचना असेल तर मधून दांडा जातो आणि जमिनीवर उंचवटा येतो. त्या उंचवट्याच्या कोणत्या बाजूला तो पाय ठेवतो? हा तिसरा माणूस गाडीची किंमत विचारत नाही, चालवत नाही, बहुतेक वेळा तो घरातलं धाकटं मूल असतो. तरी कुटुंबाची गाडी खरोखर कुटुंबाची आहे का, हे त्याच्या जागेवरून कळतं.

आज ज्या गाडीकडे आपण असं पाहणार आहोत ती ऑस्ट्रेलियाची. होल्डन कंपनीची कमोडोर. एका देशाने आपल्या माणसांचं माप घेऊन गाडी घडवायची म्हणजे काय करायचं, याचा तिच्यात जवळजवळ ४० वर्षांचा अभ्यास आहे. तो एका दमात वाचून संपवण्यासारखा नाही. एकेक गोष्ट हातात घेऊ, ती नीट पाहून झाली की पुढची.

पहिली गोष्ट अंतर.

तिकडे डिसेंबर-जानेवारीत ऐन उन्हाळा असतो, शाळांना मोठी सुट्टी. ॲडलेडमधलं एखादं कुटुंब उत्तरेकडे निघालं आहे असं समजा. वाटेतल्या पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटरचा. मुंबईहून रस्त्याने दिल्लीला जाऊन परत यावं, साधारण तेवढी ही एका बाजूची वाट, आणि मध्ये मोठी शहरं जवळजवळ नाहीतच. हा रस्ता पूर्णपणे डांबरी झाला तो १९८७ मध्ये. त्याआधी कित्येक मैल नुसती लाल माती होती. वाहनं जाऊन जाऊन अशा मातीवर आडव्या वळ्या उठतात. त्यांवरून वेगाने जाणाऱ्या गाडीचा सांधा न् सांधा तासन् तास थरथरत राहतो. पिठासारखी बारीक धूळ फटीफटीतून आत शिरते आणि मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांच्या केसांत बसते.

इथे थोडं थांबू या. थरथर आणि धूळ यांची कल्पना मनात पुरती येऊ द्या. नकाशा पाहून हे कळत नाही. ज्याला त्या रस्त्याने मुलांना घेऊन जायचं आहे त्याला गाडीच्या वेगाचं कौतुक थोडं, ती शेवटपर्यंत पोचवते का याची काळजी जास्त.

आता दुसरी गोष्ट, जन्माची.

होल्डन हे नाव आधी घोड्यांच्या खोगिरांशी जोडलेलं होतं. १८५६ मध्ये ॲडलेडला खोगिराचा धंदा सुरू झाला, विसाव्या शतकात त्याच घराण्याने मोटारींचे सांगाडे बनवायला घेतले आणि १९३१ मध्ये तो उद्योग अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे गेला. दुसऱ्या महायुद्धाने देशाला शिकवलं की सगळं समुद्रापलीकडून येईल या भरवशावर राहता येत नाही. युद्धात विमानं आणि इंजिनं बनवून हात तयार झाले होते, आणि सरकारला देशात पूर्णपणे बनलेली मोटार हवी होती. २९ नोव्हेंबर १९४८ ला मेलबर्नजवळच्या फिशरमन्स बेंडला प्रधानमंत्री बेन चिफली यांच्या हस्ते ती लोकांसमोर आली. तिचं अधिकृत नाव ४८-२१५, एखाद्या फायलीच्या क्रमांकासारखं. लोक मात्र तिला नुसतं ‘होल्डन’ म्हणत.

ती देशाची पहिली लाडकी मोटार. पण तिचा आराखडा डेट्रॉइटने एका शेव्हरोलेसाठी आखून बाजूला ठेवलेल्या कल्पनेवरून आला होता. पहिले नमुने अमेरिकेत हाताने बनवले गेले आणि मग ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या रस्त्यांवर पळवून पाहिले गेले. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख लॉरेन्स हार्टनेट यांना आराखडाही इथेच व्हावा असं वाटत होतं. ते झालं नाही. कारखाना इथला, कामगार इथले, रेघ तिकडची.

हे ऐकून मनात कमीपणा येत असेल तर त्याला यायला जागा देऊ नका. आपल्या घरातल्या किती वस्तूंची पहिली रेघ आपल्या माणसाने ओढली आहे, हे आठवून पाहा. बहुतेक जग दुसऱ्याच्या रेघेवर राहतं. रेघ कुणाची हा प्रश्न मागे ठेवू. त्या रेघेत आपलं माणूस मावतं का, एवढं पाहू.

तिसरी गोष्ट हाच प्रश्न विचारते.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. होल्डनची तेव्हाची मोठी कुटुंबाची गाडी होती किंग्जवूड. रुंद, जड, पेट्रोलला हावरी. जनरल मोटर्सच्या जर्मन शाखेकडे, ओपेलकडे, आटोपशीर आणि आधुनिक अशी रेकॉर्ड नावाची गाडी तयार होती. तीच घ्यायची ठरली. होल्डनचं सहा सिलिंडरांचं इंजिन आणि व्ही-८ बसावं म्हणून तिला ओपेलच्याच थोरल्या सेनेटर गाडीचं लांब नाक जोडलं. मग चाचणीसाठी तिला देशाच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर नेलं.

तिथे सांगाडा टिकला नाही. इंजिनाचा भाग आणि प्रवाशांची जागा यांच्यामध्ये फायरवॉल नावाची पत्र्याची आडवी भिंत असते, तिच्यापाशी तो हरला.

थोडा वेळ या मोडलेल्या जागेवर मन ठेवू या. जर्मन इंजिनिअर कच्चे नव्हते. त्यांनी गुळगुळीत रस्त्यांवर दीर्घकाळ वेगाने जाणारी गाडी आखली होती आणि ती तशा रस्त्यावर उत्तम चालत होती. त्यांचं माप बरोबरच होतं, पण त्या मापात लाल माती नव्हती. आपण चूक शोधायला लागलो की लगेच माणूस शोधतो. इथे दोष द्यायला कुणी सापडत नाही. एका ठिकाणी खरं असलेलं उत्तर दुसऱ्या ठिकाणी नेलं गेलं, एवढंच घडलं.

होल्डनच्या लोकांनी सांगाडा बळकट केला, सस्पेन्शन बदललं, स्टिअरिंगची रचना बदलली, धूळ आत येऊ नये म्हणून फटी बुजवल्या. खर्च इतका फुगला की तेवढ्यात नवी गाडीच आखता आली असती, असं पुढे बोललं गेलं. ऑक्टोबर १९७८ मध्ये ती बाजारात आली. कमोडोर, पहिली आवृत्ती, व्हीबी.

आता पुन्हा मागच्या सीटकडे वळू. चौथी गोष्ट रुंदी.

व्हीबी कमोडोर किंग्जवूडपेक्षा अरुंद होती. महागड्या पेट्रोलच्या दिवसांत हिशेब बिनचूक वाटत होता. समोरच्या फोर्डने १९७९ मध्ये नवी फाल्कन आणली आणि तिची रुंदी मात्र कमी केली नाही. मग काही वर्षांत लोकांच्या मनातली तेलाची धास्ती ओसरली. तीन मुलांना घेऊन लांब जाणारं कुटुंब आणि दिवसभर मागे प्रवासी बसवणारा टॅक्सीवाला, दोघांनाही कमोडोरच्या मागच्या सीटवर खांद्याला खांदा लागायला लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फाल्कन पुढे गेली.

पाहा, किती साधी गोष्ट. तिसऱ्या माणसाने हिशेबाच्या कागदावर काही लिहिलं नव्हतं. तो फक्त आखडून बसला होता.

होल्डनने हे ऐकलं. १९८८ च्या व्हीएन आवृत्तीत पुन्हा ओपेलचाच आधार घेतला, पण अंग रुंद केलं. वरचा पत्रा रुंद झाला, खालच्या चाकांमधलं अंतर मात्र बरंचसं जुनंच राहिलं, त्यामुळे मागून पाहिलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसत. थोरल्या भावाचा सदरा उसवून, कळी घालून धाकट्याच्या अंगाला बसवावा, तसं हे काम. शिवण दिसते. पण धाकटा तो घालून शाळेत जातो. १९९७ च्या व्हीटीतही ओपेलची ओमेगा घेऊन ती रुंद केली, आणि या वेळी शिवण दिसली नाही. १९९८ मध्ये ९४ हजारांहून जास्त कमोडोर विकल्या गेल्या. १९९६ पासून २०१० पर्यंत, सलग १५ वर्षं, ती देशातली सर्वांत जास्त खपणारी गाडी होती.

यश आलं की मन पुढे पळतं. त्याला इथेच थोडं बसवू या आणि विचारू या, की २० वर्षं दुसऱ्याचा आराखडा आपल्या मापाला बसवत राहिलेल्या माणसाला काय कळलेलं असतं? त्याला आपल्या माणसांची अंगं पाठ होतात. किती माती, किती ऊन, मागे जोडलेल्या कॅराव्हॅनचं किती ओझं, बूटमध्ये काय काय कोंबलं जातं, हे सारं कळतं. दुरुस्त्या करणं हलकं काम समजलं जातं. पण नेमकं कुठे अडतं, हे दुरुस्त करणाऱ्यालाच सगळ्यांत आधी कळतं.

पाचवी गोष्ट, कोरा कागद.

१९९९ च्या सुमारास पुढच्या कमोडोरचं काम सुरू झालं. यापुढची मोठी ओपेल येणारच नव्हती, उसवायला काही उरलं नव्हतं. मग ठरलं की पहिली रेघही इथेच ओढायची. माइक सिमको यांच्या हाताखाली मेलबर्नमध्ये मातीचे नमुने घडू लागले, आणि १९५७ पासून चालत आलेल्या लँग लँगच्या चाचणी मैदानावर गाड्या पळू लागल्या. जुलै २००६ मध्ये व्हीई कमोडोर लोकांपुढे आली. खर्च १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर.

या मालिकेतली शेंड्यापासून बुडख्यापर्यंत देशात आखलेली ही पहिलीच कमोडोर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,९१५ मिलिमीटर, म्हणजे पाय ठेवायला भरपूर जागा. एकाच पायावर सगळं घर उभं राहिलं. सेडान, लांब अंगाच्या स्टेट्समन आणि कॅप्रिस, २००७ मध्ये यूट, २००८ मध्ये मागे मोठी जागा असलेली स्पोर्टवॅगन.

यूटवर क्षणभर नजर ठेवू. पुढे मोटारीसारखी बसायची जागा, मागे उघडा हौदा. ही कल्पना ऑस्ट्रेलियाच्या खास आवडीची. सांगतात की १९३० च्या दशकात व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट या तरुण आराखडाकाराने ती आखली, आणि १९३४ मध्ये ती बनू लागली. एका बाईच्या आठवड्यातले दोन दिवस, त्यातून वाहनाचा एक प्रकार. माप घेणं म्हणजे फूटपट्टी लावणं एवढंच नसतं. कुणाचा रविवार कसा जातो आणि सोमवार कसा, हे विचारणंही असतं.

व्हीईच्या आत एक बारीक तपशील आहे. हँडब्रेकचा दांडा मधल्या कन्सोलच्या कडेतच बसवलेला. कारण ही गाडी उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांत विकायची होती तशी डाव्या बाजूच्या देशांतही, आणि तीच रचना दोन्हीकडे चालायला हवी होती. ती गेलीही. अमेरिकेत पॉन्टिॲक जी-८ म्हणून, मध्यपूर्वेत शेव्हरोले लुमिना म्हणून. जिथून एकेकाळी रेघ आली होती तिथे आता इथली रेघ जात होती. कुणाच्याही छातीत थोडा अभिमान दाटावा असं हे वळण. दाटू द्या. मग त्याला हळूच बाजूला ठेवा, कारण सहावी गोष्ट अवघड आहे.

गाडी आखली जात होती तेवढ्या वर्षांत कुटुंब बदलत होतं.

पेट्रोल पुन्हा महागलं. बरेच लोक लहान गाड्यांकडे वळले, बरेच उंच एसयूव्हींकडे. मोठी सेडान घेणाऱ्यांत कंपन्यांचे आणि सरकारी ताफे मोठे होते, घरची माणसं कमी होत होती. परदेशी मोटारींवरचं आयातशुल्क १९८० च्या दशकात ५७.५ टक्के होतं, ते पायरीपायरीने उतरत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आलं. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, पॉन्टिॲक हे नावच बंद झालं आणि अमेरिकेकडची वाट आटली. मग ऑस्ट्रेलियन डॉलर इतका वधारला की तिथे बनवलेली गाडी बाहेर विकणं आणखी कठीण झालं. २०११ मध्ये खपाचा पहिला क्रमांक माझदा-३ कडे गेला. ती लहान गाडी, आणि बाहेरून आलेली.

फोर्डच्या ब्रॉडमेडोजच्या कारखान्यातून शेवटची फाल्कन ऑक्टोबर २०१६ मध्ये निघाली. टोयोटाने ऑल्टोनाचा कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ ला बंद केला. २० ऑक्टोबर २०१७ ला ॲडलेडजवळच्या एलिझाबेथला शेवटची कमोडोर निघाली आणि देशातलं मोटारी बनवणं थांबलं. एलिझाबेथ हे १९५० च्या दशकात आखून वसवलेलं उपनगर. मोटारीच्या पगारावर तिथल्या पिढ्या वाढल्या होत्या. २०२० मध्ये होल्डन हे नावही बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

इथे दोन वाक्यं चटकन जिभेवर येतात. ‘बाजाराने मारलं’ आणि ‘आराखडाच चुकला’. दोन्ही जरा बाजूला ठेवून श्वास घेऊ या. व्हीई आणि २०१३ ची तिची सुधारलेली आवृत्ती व्हीएफ, या दोन्ही गाड्या चालवणाऱ्यांनी वाखाणल्या. मागच्या सीटवर तिसरा माणूस शेवटी नीट बसत होता. फक्त ज्या घरांसाठी ती सीट मोजली होती, त्यांतल्या पुष्कळांनी तोवर वेगळीच गाडी मागायला सुरुवात केली होती.

सातवी गोष्ट आपल्या जवळची आहे.

मेलबर्नच्या क्लेटन भागात निसानचा मोटारींचा कारखाना होता. तो १९९२ मध्ये बंद पडला. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, ती बंद यंत्रसामग्री विकत घेतली, सुटी केली आणि जहाजाने पुण्याला आणून पिंपरी-चिंचवडमध्ये उभी केली. तिच्यावर १९९८ ची इंडिका घडली. या गाडीकडून रतन टाटांची अपेक्षा काय होती, हे तेव्हा वर्तमानपत्रं वाचणाऱ्या अनेकांना आठवत असेल. बाहेरून झेनएवढी, आतून अँबेसिडरएवढी ऐसपैस. म्हणजे प्रश्न तोच, मागे किती माणसं आणि कशी बसतील. ऑस्ट्रेलियात रिकामी झालेली यंत्रं पुण्यात दुसऱ्या घराच्या खांद्यांसाठी कामाला लागली. यंत्रं जहाजात चढली, घराचा अंदाज चढला नाही. आजी मागे बसणार, मुलं मांडीवर बसणार, लग्नाला जाताना पाचाऐवजी सहा होणार, हे पुण्याच्या लोकांना नव्याने लक्षात घ्यावं लागलं.

उलट बाजूही आहे. होल्डनच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, २०१७ हेच वर्ष संपताना भारतात मोटारी विकणं थांबवलं, आणि तिच्या तळेगावच्या कारखान्यातलं काम डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. एलिझाबेथ आणि तळेगाव, दोन्ही गावांतल्या कामगारांच्या घरी तेच प्रश्न बसले होते, फक्त भाषा वेगळी होती.

आता सात गोष्टी एकत्र ठेवू या. अंतर, जन्म, मोडलेला सांगाडा, रुंदी, कोरा कागद, बदललेलं घर, प्रवासाला गेलेली यंत्रं. यांतून मला जे दिसतं ते सांगतो, तुम्ही पडताळून पाहा.

व्हीईचं काम १९९९ ला सुरू झालं आणि गाडी २००६ ला आली. मध्ये सात वर्षं. मोठी कोणतीही वस्तू, मग ती गाडी असो, घर असो, शाळेचा अभ्यासक्रम असो, ज्या दिवशी लोकांच्या हाती पडते त्या दिवशी तिच्यातलं माप जुनं झालेलं असतं. याला इलाज नाही. पण माप घेणारा ते विसरला, की आपण मोजलेलं माणूस म्हणजेच माणूस असं तो धरून चालतो. ओपेलने जागा दुसरी मोजली होती. व्हीईने जागा बरोबर मोजली, वेळ पुढे गेली.

आपणही हे रोज करतो. आईला काय आवडतं, मुलाला कशाची भीती वाटते, भाऊ कोणत्या गोष्टीवर चिडतो, शेजारच्या काकांना काय मदत हवी असते, याची मापं आपल्याजवळ तयार असतात. त्यांच्यावरच आपण भेटवस्तू आणतो, सल्ले देतो, घराच्या खोल्या वाटतो. ती मापं खोटी नसतात. कधी तरी प्रेमाने, लक्ष देऊन घेतलेली असतात. म्हणूनच ती पुन्हा घ्यावीत असं वाटत नाही.

एक माणूस मनात आणा, अगदी जवळचं. त्याच्याबद्दल तुम्हाला पक्कं माहीत असलेल्या चार गोष्टी आठवा. घाई करू नका. आता प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न ठेवा, की हे मला कधी कळलं? काहींचं उत्तर गेल्या महिन्यातलं येईल, काहींचं लग्नाच्या आधीचं, काहींचं माणूस शाळेत असतानाचं.

त्यातली सगळ्यांत जुनी गोष्ट निवडा आणि आज त्या माणसाला तीच विचारा. उत्तर तेच आलं तर बरं, बदललं तर अधिक बरं. आपल्या माणसाचं माप घेत राहावं, रुंद करत राहावं, आणि प्रत्येक मापाशेजारी तारीख लिहून ठेवावी.